व्हिक्टर त्सोय : एक गीत आणि त्याचे तीन अर्थ

सोव्हिएत संघराज्याच्या अखेरच्या वर्षांचा इतिहास बहुधा पक्षाधिवेशनांच्या ठरावांवरून, शस्त्रकपातीच्या वाटाघाटींवरून आणि रोडावत चाललेल्या उत्पादनाच्या आकड्यांवरून लिहिला जातो. या रूक्ष सामग्रीत एका रॉक गायकाचे नाव मात्र हटकून येते. व्हिक्टर त्सोय हा तो गायक होय. त्याचे 'पेरेमेन', म्हणजे 'बदल', हे गीत 'पेरेस्त्रोइकाचे गीत' म्हणून ओळखले जाते, आणि त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की, लेनिनग्राडमधील एका तरुणाने राजवटीस आव्हान दिले व जनतेने ते उचलून धरले. हे चित्र आकर्षक आहे. परंतु कालानुक्रमाच्या कसोटीस ते पुरते उतरत नाही. एखादे गीत ऐतिहासिक साधन म्हणून हाताळावयाचे असेल, तर ते कोणी रचले याइतकेच ते कोणी, केव्हा आणि कोठे ऐकले हेही पाहावे लागते. त्सोयच्या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात या दोन गोष्टींमधील अंतर फार स्पष्ट दिसते.

त्सोयचा जन्म २१ जून १९६२ रोजी लेनिनग्राड येथे झाला. आई रशियन असून व्यायामशिक्षिका होती. वडील रॉबर्ट माक्सिमोविच हे अभियंता असून कोरियन वंशाचे होते. वडिलांचा जन्म १९३८ साली कझाकस्तानातील किझिलोर्दा येथे झाला. हे स्थळ आणि हे साल या दोहोंची नोंद घेणे अवश्य आहे. १९३७ च्या ऑगस्टमधील आदेशान्वये सोव्हिएत अतिपूर्वेतील सुमारे १,७२,००० कोरियन लोकांना, ते जपानचे हस्तक ठरतील या संशयावरून, आगगाड्यांत भरून मध्य आशियात नेऊन टाकण्यात आले होते. त्सोय घराणे किझिलोर्द्यात कसे आले याचा उलगडा या एका घटनेने होतो. त्याच्या प्रसिद्ध गीतांत मात्र या पूर्वेतिहासाचा उच्चारही नाही. ज्याला पुढे विरोधाचा कवी ठरविण्यात आले, त्याने आपल्या घरच्या सर्वांत मोठ्या गाऱ्हाण्याविषयी अक्षरही गायिले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिक्षण यथातथाच झाले. सेरोव्ह कलाविद्यालयातून त्याचे नाव काढून टाकण्यात आले. पुढे एका औद्योगिक शाळेत तो लाकडावरील कोरीवकाम शिकला. गिटारचा नाद शाळकरी वयातच जडला होता. १९८१ मध्ये अलेक्सेई रिबिन आणि आणखी एक सोबती यांच्यासह त्याने एक गट काढला, आणि १९८२ मध्ये त्या गटाला 'किनो' हे सुटसुटीत नाव मिळाले. किनो म्हणजे चित्रपट.

या ठिकाणी लेनिनग्राडमधील एका विशिष्ट व्यवस्थेची ओळख करून घेतली पाहिजे. ७ मार्च १९८१ रोजी रुबिन्श्तेइन रस्त्यावरील १३ क्रमांकाच्या इमारतीत, कामगार संघटनांच्या हौशी कलाकेंद्राच्या छत्राखाली, 'लेनिनग्राड रॉक क्लब' सुरू झाला. तेथे गावयाचे प्रत्येक गीत आधी लिहून सादर करावे लागे आणि त्यावर मंजुरीचा शिक्का उमटल्यावाचून ते रंगमंचावर म्हणता येत नसे. गुप्तहेर खात्याचे या क्लबकडे लक्ष होते, हे तेथील गायकांना ठाऊक होते. एवंच हे स्थान बंडखोरांचा अड्डा नव्हते, की निखळ सरकारी संस्थाही नव्हते. ज्यांना पूर्णपणे दाबून टाकणे कठीण त्यांना एका छपराखाली आणून डोळ्यांपुढे ठेवावे, हा शासनाचा हिशेब होता. आणि मिळेल त्या छपराखाली उभे राहून गावे, हा गायकांचा. दोन्ही हिशेब काही वर्षे एकत्र नांदले. सोव्हिएत उत्तरकालाचा विचार केवळ 'दडपशाही' आणि 'प्रतिकार' या दोन शब्दांत उरकणाऱ्या अभ्यासकाला हा प्रकार नीट उलगडत नाही.

ध्वनिमुद्रणाची कथा याहून बोलकी आहे. देशात ध्वनिमुद्रिका काढण्याचा अधिकार 'मेलोदिया' या एकाच सरकारी संस्थेकडे होता, आणि तिची दारे अशा गटांना बंद होती. आंद्रेई त्रोपिल्लो हा तंत्रज्ञ शाळकरी मुलांच्या पायोनियर भवनात ध्वनिमुद्रणाचा छंदवर्ग चालवीत असे. त्याच भवनातील यंत्रांवर 'अक्वारियम' या गटाची आणि नंतर 'किनो'ची गीते मुद्रित झाली. 'अक्वारियम'चा प्रमुख बोरिस ग्रेबेन्श्चिकोव्ह याने आपले वादक या नवख्या मुलांच्या साह्यास दिले, आणि १९८२ मध्ये 'किनो'चा पहिला संग्रह सिद्ध झाला. त्याची लांबी पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास भरली, म्हणून त्याचे नाव '४५' असेच ठेवण्यात आले. हा संग्रह दुकानात विकावयाचा नव्हताच. एका फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा नकला होत होत तो देशभर पसरला. नकलेगणिक आवाज अधिक घोगरा होई, गायकाचे नाव गळे, गीतांचा क्रम बदले. हस्तलिखितांच्या परंपरेचा अभ्यास करणाऱ्यास ही अवस्था ओळखीची वाटेल. फरक इतकाच की, येथे लेखनिकाच्या जागी टेपरेकॉर्डर होता, आणि जे काम पूर्वी शतके घेई ते महिन्यांत उरकत होते. शासनाच्या मालकीच्या भवनात, शासनाच्या यंत्रावर निर्माण झालेली ही कला शासनाच्या नोंदवहीत मात्र कोठेच नव्हती.

गायकाचे पोट या गाण्यावर भरत नव्हते, आणि बेकार राहणे हा गुन्हा होता. 'परोपजीवी' लोकांविरुद्धचा फर्मान १९६१ सालचा. त्याच फर्मानाचा आधार घेऊन १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयाने कवी जोसेफ ब्रॉड्स्की याला हद्दपारीची व सक्तमजुरीची शिक्षा दिली होती. पुढच्या पिढीने त्यावर एक तोड काढली. रखवालदार, झाडूवाला, बॉयलरघरातील आगवाला अशी कामे पत्करावयाची. कागदोपत्री नोकरी असते, रात्रपाळी असते, आणि मधला वेळ आपला असतो. १९८६ पासून त्सोय ब्लोखिन रस्त्यावरील १५ क्रमांकाच्या बॉयलरघरात कोळसा टाकण्याचे काम करीत असे. हे बॉयलरघर 'कामचात्का' या नावाने प्रसिद्ध असून कालांतराने तेथे संग्रहालय झाले. त्सोयच्या एका संग्रहाचे नाव 'कामचात्क्याचा प्रमुख' असे असल्याने ते या बॉयलरघरावरून पडले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो संग्रह १९८४ चा, आणि 'कामचात्का' हे गीत तर त्याही आधी '४६' या संग्रहात आलेले. गीत आधी, भट्टी नंतर. आख्यायिका कालक्रम कसा उलटा करतात याचा हा लहानसा नमुना होय.

दुसरा नमुना सैन्यभरतीचा. १९७९ पासून सोव्हिएत सेना अफगाणिस्तानात लढत होती. सक्तीची भरती टाळण्यासाठी १९८३ च्या अखेरीस त्सोय काही आठवडे लेनिनग्राडच्या एका मनोरुग्णालयात राहिला. हा उपायही त्या पिढीत रूढ होता. पुढे १९८८ मध्ये 'ग्रुप्पा क्रोव्ही', म्हणजे 'रक्तगट', हा त्याचा संग्रह आला. त्याच्या शीर्षकगीतात बाहीवर रक्तगट लिहिलेला एक लढवय्या रणांगणाकडे निघतो. युद्धाचे नाव नाही, शत्रूचे नाव नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सेनेची माघार सुरू झाली होती, आणि श्रोत्यांनी हे गीत अफगाण युद्धाचे म्हणून स्वीकारले. जो स्वतः युद्धाला गेला नाही त्याचे गीत युद्धावरून परतलेल्यांनी आपले मानले. यात ढोंग पाहण्याचे कारण नाही. त्सोय नावे गाळून लिहीत असे, आणि गाळलेल्या जागा ऐकणारा आपल्या अनुभवाने भरीत असे.

'पेरेमेन'चे हेच झाले. १९८६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर रॉक क्लबच्या चौथ्या महोत्सवात ते प्रथम जाहीरपणे गायिले गेले. त्या वेळी गोर्बाचेव्ह यांना सरचिटणीस होऊन वर्ष उलटले होते. पक्षाचे सत्ताविसावे अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये पार पडले होते आणि सुधारणेची भाषा व्यासपीठावरूनच होऊ लागली होती. म्हणजे बदलाची पहिली हाक या गीताने दिली असे म्हणता येत नाही. गीताची सामग्री तर अगदीच घरगुती आहे : स्वयंपाकघरातील गॅस, चहा, सिगारेट. राज्यकर्त्याचा, पक्षाचा, व्यवस्थेचा निर्देश नाही. एवढेच नव्हे, तर बदलाची वेळ येताच मनात भीती दाटते अशी कबुलीही त्यात आहे. जमावाने पालुपद उचलले. ही कबुली कडव्यातच राहिली. हे राजकीय गीत नव्हे, असे त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. त्यांचे म्हणणे रचनेपुरते खरे मानावे लागते. इतिहासापुरते ते अपुरे आहे.

कारण या गीताला दुसरा अर्थ दिला तो सेर्गेई सोलोव्योव्ह यांच्या 'अस्सा' या १९८७ सालच्या चित्रपटाने. अखेरच्या प्रसंगात त्सोय एका उपाहारगृहात गायकाच्या नोकरीसाठी येतो. व्यवस्थापिका त्याला नियमांची लांबलचक यादी वाचून दाखवू लागते. ती वाचतच राहते. तो उठून चालू लागतो आणि रंगमंचावर जाऊन 'पेरेमेन' गाऊ लागतो. गाता गाता ते उपाहारगृह नाहीसे होते आणि समोर हजारोंचा जनसमुदाय दिसू लागतो. नियमावली वाचणारा आवाज आणि हा जनसमुदाय एकापुढे एक ठेवल्यावर गीताला राजकीय अर्थ येणे अटळ होते. तो अर्थ दिग्दर्शकाने रचला आणि प्रेक्षकाने मान्य केला. स्वयंपाकघरातले गीत चौकात आले ते असे.

प्रसिद्धीची पुढची पावले झपाट्याने पडली. १९८६ मध्येच जोआना स्टिंग्रे या अमेरिकन गायिकेने लेनिनग्राडच्या चार गटांच्या फिती बाहेर नेऊन 'रेड वेव्ह' ही जोड-ध्वनिमुद्रिका अमेरिकेत प्रसिद्ध केली होती. त्यांत 'किनो' हा एक गट होता. १९८८ मध्ये 'मेलोदिया'ने 'नोच', म्हणजे 'रात्र', हा जुना संग्रह काढला; गटाला ते रुचले नाही. त्याच वर्षी रशीद नुगमानोव्ह दिग्दर्शित 'इग्ला', म्हणजे 'सुई', हा कझाकफिल्मचा चित्रपट आला. आल्मा-आता शहरातील अफूबाजांच्या टोळीशी एकटा झुंजणाऱ्या मितभाषी तरुणाची भूमिका त्सोयने केली आणि त्याचा काळा पोशाख देशभर परिचित झाला. वडिलांच्या जन्मभूमीशी त्याचा संबंध आला तो असा, नटाच्या नात्याने. युरी कास्पार्यानची गिटार, गुर्यानोव्हचे ढोल आणि तिखोमिरोव्हची बास गिटार ही 'किनो'ची अखेरची मांडणी. स्वर पट्टीत फारसा न चढणारा, जवळजवळ निर्विकार. चाल सोपी, दोन-तीन दिवसांत कोणालाही वाजविता येण्याजोगी. संगीतज्ञ या साधेपणाला उणेपणा म्हणतील. परंतु अंगणाअंगणांतून सोळा वर्षांची मुले ही गीते वाजवीत बसली ती याच साधेपणामुळे, आणि फितीनंतरचे प्रसाराचे सर्वांत मोठे साधन ही मुलेच होती.

२४ जून १९९० रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी क्रीडांगणावर 'किनो'चा कार्यक्रम झाला आणि त्यासाठी तेथील ऑलिंपिक ज्योत प्रज्वलित करण्यात आली. बॉयलरघर सोडून दोन वर्षे झाली होती. त्यानंतर त्सोय नव्या गीतांच्या तयारीसाठी लाटव्हियात समुद्रकाठी राहिला. १५ ऑगस्ट १९९० रोजी दुपारी स्लोका-ताल्सी महामार्गाच्या ३५ व्या किलोमीटरजवळ त्याची मोस्कविच मोटार समोरून येणाऱ्या इकारुस बसवर आदळली आणि तो जागीच ठार झाला. गाडी चालविताना त्याला झोप लागली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. १९ ऑगस्टला लेनिनग्राडच्या बोगोस्लोव्ह्स्कोये स्मशानभूमीत दफन झाले. अर्धवट राहिलेल्या मुद्रणावरून सहकाऱ्यांनी अखेरचा संग्रह पुरा केला. काळ्या वेष्टनामुळे त्याला 'काळा संग्रह' असेच नाव पडले.

मॉस्कोत अर्बातलगतच्या एका भिंतीवर कोणी तरी त्याच्या मृत्यूची वार्ता लिहिली आणि त्याखाली दुसऱ्या कोणी उत्तर लिहिले की, त्सोय जिवंत आहे. ते उत्तर मग अनेक शहरांच्या भिंतींवर उमटले. ज्या राज्यात तो जन्मला ते राज्य १९९१ च्या डिसेंबरमध्ये लयास गेले. त्यामुळे नव्या व्यवस्थेविषयी त्याचे मत काय असते, हा प्रश्न कायमचा मोकळा राहिला आणि प्रत्येकाने तो आपापल्या सोयीने सोडविला. २०१४ मध्ये रशियन ड्यूमाच्या एका सदस्याने, त्सोयची गीते अमेरिकन हेरखात्याने लिहून दिली होती, असा दावा केला. हा दावा खंडनाच्याही योग्यतेचा नाही. पण साधन म्हणून तो उपयोगी आहे. सत्ताविसाव्या अधिवेशनानंतर अठ्ठावीस वर्षांनीही त्या स्वयंपाकघरातील गीताची धास्ती सत्ताधाऱ्यांच्या वर्तुळात उरली होती, असे त्यावरून दिसते.

तिसरा अर्थ बेलारूसमध्ये प्राप्त झाला. ९ ऑगस्ट २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी तीन दिवस, मिन्स्कच्या एका चौकात विरोधी उमेदवाराच्या सभेची जागा अडविण्यासाठी शासनाने बालशिक्षणसंस्थांचा एक कार्यक्रम ठेवला होता. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या दोघा तरुण तंत्रज्ञांनी तेथे 'पेरेमेन' लावले. त्या दोघांना दहा दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट रोजी, सेंट पीटर्सबर्ग येथे त्सोयच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मिन्स्कमधील ते दोघे नोकरीस होते ते मुलांच्या व तरुणांच्या सरकारी प्रासादात, म्हणजे ज्या जातीच्या भवनात त्रोपिल्लोने '४५' हा संग्रह मुद्रित केला होता त्याच जातीच्या.