हौसेचे पंख : जिप्सी मॉथपासून बेगमपेठेपर्यंत



जत्रेस जाणाऱ्यांचे हौशे, नवशे आणि गवशे असे तीन वर्ग आपल्याकडे परंपरेने सांगितले जातात. त्यांतील हौशास कोणी फारसे गंभीरपणे घेत नाही. 'हौस' हा शब्द मुळात अरबी 'हवस'. आपल्या या हैदराबादच्या उर्दूत त्याचा अर्थ आजही 'लालसा' असाच होतो. मराठीने त्यातील हाव वगळली आणि निर्मळ आवड तेवढी ठेवली. अशा हौसेच्या हातून इतिहासात काय घडते, हे भारतातील हौशी विमानोड्डाणाच्या आरंभकाळावरून आज पाहावयाचे आहे.

१९२५ साली इंग्लंडात जेफ्री डी हॅव्हिलंड यांनी 'मॉथ' हे दोन आसनांचे विमान सिद्ध केले आणि सामान्य नागरिकास विमान शिकण्याची वाट मोकळी झाली. लाकडी सांगाडा, पंखांवर कापडाचे आवरण आणि पुढे चार सिलिंडरांचे लहानसे इंजिन, एवढाच त्याचा संसार. पंख मिटून ते छोट्या छपरीतही ठेवता येई. पुढील पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. पुढच्या आसनावर शिक्षक, मागे विद्यार्थी. दोघांपुढे जोडनियंत्रणे, आणि संभाषण एका नळीतून. मग एके दिवशी शिक्षक खाली उतरे आणि विद्यार्थ्यास एकट्याने वर जाण्यास सांगे. पुढचे आसन रिकामे दिसे तोच या विद्येचा खरा दीक्षाविधी. शिकविण्याइतकेच योग्य वेळी उतरणे हेही गुरूचे काम आहे, हे शिक्षकांच्या या सभेत वेगळे सांगावयास नको.

१९२८ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि कराची येथे सरकारी साहाय्याने वैमानिक-क्लब उभे राहिले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना होय. पुढे इंग्लंड-भारत अंतर ठराविक मुदतीत एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. १९३० मध्ये टाटा कराचीहून निघाले, तर १७ वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींना स्पार्क प्लगची गरज होती; प्रतिस्पर्धी असूनही टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. पारितोषिक अस्पींनीच जिंकले. तिसरे स्पर्धक मनमोहन सिंग यांचा प्रयत्न मुदत ओलांडल्यामुळे बाद ठरला होता. 

या तरुणांचे पुढे काय झाले? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी 'पस मॉथ' विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, आणि भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. अस्पी १९६० ते १९६४ या काळात हवाईदलप्रमुख होते. मनमोहन सिंग दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात कामी आले.

ही श्रीमंतांची चैन होती, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. ज्याच्यापाशी पैसा व सवड होती, त्यालाच क्लबाचे दार उघडे होते. परंतु हौसेची परीक्षा ती कोणी सुरू केली यावर होत नाही. तिने पुढे कोणासाठी वाट केली, यावर होते.

सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लाहोरच्या क्लबात साडी नेसून जिप्सी मॉथ एकट्याने उडविले. घरी लहान मुलगी होती. १९३९ साली वैमानिक पतीचा अपघाती मृत्यू झाला, महायुद्धामुळे व्यावसायिक परवान्याचे शिक्षण खुंटले, आणि त्या चित्रकलेकडे वळल्या. हौसेचा व्यवसाय होऊ शकला नाही.

अवघ्या दशकभरात चित्र पालटले, आणि ते आपल्याच शहरात पालटले. प्रेम माथुर यांनी अलाहाबादच्या क्लबात विद्या घेतली आणि १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळविला. स्त्री म्हणून अनेक कंपन्यांनी त्यांना नाकारले. त्यांना घेतले ते निजामाच्या राज्याने टाटांच्या भागीदारीत चालविलेल्या 'डेक्कन एअरवेज'ने. २००८ पर्यंत शहराचे प्रवासी विमानतळ असलेले बेगमपेठ हेच त्या कंपनीचे ठाणे. हौस म्हणून मुंबईत विमान शिकलेल्या तरुणाच्या उद्योगाने हैदराबादेत एका स्त्रीला चरितार्थाचे आकाश मिळवून दिले, असा हा धागा आहे.

मित्रहो, शाळेत आपण मुलांच्या छंदांकडे परीक्षेतील अडथळा म्हणून पाहतो. नवशाला फळ हवे असते, गवशाला लाभ. हौशाला केवळ ते काम हवे असते. म्हणून जेथे अद्याप फळही नाही आणि लाभही नाही, तेथे पहिला पोहोचतो तो हौशीच. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनीही आपापली वेळ येताच पुढचे आसन रिकामे करून दिले होते. त्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.