अमेरिकेत आई-वडिलांना घरी सांभाळल्याबद्दल मेडिकेडकडून पगार मिळतो का?

‘आई-वडिलांना सांभाळा आणि अमेरिकन सरकारकडून पगार घ्या’ अशा अर्थाच्या रील्स सोशल मीडियावर फिरत असतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मेडिकेडमधून घरच्या माणसाला देखभालीचे पैसे मिळू शकतात. मात्र हा भत्ता नव्हे, तासांवर मोजलेली मजुरी असते. शिवाय सगळा हिशेब सुरू होतो तो सांभाळणाऱ्यापासून नाही, तर ज्याला सांभाळायचं त्याच्यापासून. आई किंवा वडील मेडिकेडला पात्र नसतील, तर मुलाने किंवा सुनेने कितीही फॉर्म भरले तरी उपयोग नाही.

मेडिकेड की मेडिकेअर?

नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. दोन्ही योजना १९६५ च्या एकाच कायद्यातून आल्या. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांची विमा योजना आहे. ती डॉक्टर आणि हॉस्पिटलचा खर्च उचलते, पण रोज अंघोळ घालणं, भरवणं, शौचाला नेणं अशा महिनोन्‌महिने चालणाऱ्या मदतीचा नाही. तो खर्च उचलते मेडिकेड. ती कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी आहे, पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात आणि कारभार राज्याकडे असतो. म्हणून कॅलिफोर्नियात तिचं नाव मेडि-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ. नावासोबत नियमही बदलतात. न्यूजर्सीतल्या ओळखीच्यांचा अनुभव टेक्सासमध्ये लागू पडेलच असं नाही.

घरच्यांना पैसे द्यायची पद्धत आली कुठून?

१९८१ पर्यंत मेडिकेडचा कल संस्थांकडे होता. आयोवातली केटी बेकेट ही तीन वर्षांची मुलगी व्हेंटिलेटरवर होती. हॉस्पिटलमध्ये राहिली तर मेडिकेड खर्च देणार, आणि त्याहून स्वस्तात घरी नेली तर मदत बंद, अशी तिच्या आई-वडिलांची कोंडी झाली होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिचं उदाहरण जाहीरपणे मांडलं आणि तिच्यासाठी नियम शिथिल झाला. त्याच वर्षी कायद्यात बदल होऊन, नर्सिंग होमऐवजी घरी सेवा देण्यासाठी राज्यांना सवलत मागण्याची सोय झाली. या सवलतीला ‘वेव्हर’ म्हणतात.

पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आर्कान्सा, न्यूजर्सी आणि फ्लोरिडात आणखी एक प्रयोग सुरू झाला. एजन्सीने कुणालाही पाठवण्याऐवजी ठरलेली रक्कम रुग्णाच्या हाती द्यायची आणि मदतनीस त्यालाच निवडू द्यायचा, मग तो नातेवाईक का असेना. मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने असलेल्या न्यूजर्सीत ही योजना आज ‘पर्सनल प्रेफरन्स प्रोग्रॅम’ नावाने चालते. न्यूयॉर्कमध्ये ‘सीडीपॅप’ आहे, तर कॅलिफोर्नियात ‘आयएचएसएस’.

खरी अडचण ग्रीन कार्डाची

भारतातून आई-वडिलांना बोलावून घेतलेल्या बहुतेक कुटुंबांचं गाडं इथेच अडतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना हा लाभ मिळत नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी १९९६ च्या कायद्यानुसार, ते मिळाल्यापासून साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. न्यूयॉर्कसारखी काही राज्यं या काळातही स्वतःच्या पैशातून कव्हर देतात, पण तो अपवाद. शिवाय आई-वडिलांना स्पॉन्सर करताना मुलाने किंवा मुलीने ‘यांचा भार सरकारवर पडू देणार नाही’ अशा हमीपत्रावर सही केलेली असते. त्यामुळे पाच वर्षं उलटल्यावरही स्पॉन्सरचं उत्पन्न आई-वडिलांचं म्हणून धरलं जाऊ शकतं. मुलगा आयटीत असेल, तर अर्ज तिथेच बाद. आई-वडील अमेरिकेचे नागरिक झाले की ही अट सुटते, म्हणून अनेक वकील आधी नागरिकत्व आणि मग मेडिकेड हा क्रम सुचवतात.

सांभाळणाऱ्याच्या कागदांकडे तर रील्स बघतही नाहीत. हे पैसे म्हणजे नोकरीचं वेतन. ते घेणाऱ्याकडे काम करण्याची परवानगी हवी. एच-४ व्हिसावरच्या सुनेकडे वर्क परमिट नसेल, तर दिवसभर सासूबाईंचं तीच करत असली तरी तिच्या नावाने पैसे घेता येत नाहीत. एच-१बीवाल्यालाही आपल्या कंपनीबाहेर असं काम करता येत नाही. ‘घरातलंच तर आहे’ म्हणून नाव घालणं इथे चांगलंच महागात पडू शकतं.

बाकी पात्रता

उत्पन्न आणि बचतीची मर्यादा कडक असते. अनेक राज्यांत एकट्या वृद्ध व्यक्तीच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त बचत चालत नाही. राहतं घर सहसा त्यात मोजत नाहीत. भारतातला फ्लॅट किंवा मुदतठेव मात्र दाखवावी लागते, ती लपवणं म्हणजे खोटी माहिती देणं. अर्जाआधी मुलांच्या नावावर पैसे फिरवण्याचा मार्गही बंद आहे, कारण वेव्हरमधल्या सेवांसाठी मागच्या पाच वर्षांचे व्यवहार तपासले जातात.

नात्याचीही अट असते. प्रौढ मुलगा, मुलगी, सून, भाऊ यांना बहुतेक ठिकाणी नेमता येतं. नवरा-बायकोने एकमेकांचं करणं आणि आई-वडिलांनी अल्पवयीन मुलाचं करणं हे मात्र कायद्याने मुळातच कर्तव्य मानलं जातं, त्यामुळे अनेक योजना त्यासाठी पैसे देत नाहीत. न्यूयॉर्कच्या सीडीपॅपमध्ये जोडीदार चालत नाही, कॅलिफोर्नियात चालतो.

तास कसे ठरतात?

अर्ज मंजूर झाला की नर्स किंवा सोशल वर्कर घरी येऊन पाहणी करते. अंघोळ, कपडे, शौचालय, खाटेवरून उठणं, जेवण या प्रत्येक गोष्टीत किती मदत लागते ते ती विचारते आणि त्यावर तास ठरतात. कॅलिफोर्नियात कमाल मर्यादा महिन्याला २८३ तासांची आहे. तासाचा दर तिथे काउंटीनुसार बदलतो.

मराठी घरांत नुकसान होतं ते या भेटीत. पाहुणे आले म्हणून आजी नीटनेटकी साडी नेसून बसतात, गुडघे दुखत असतानाही चहा टाकायला उठतात आणि ‘माझं सगळं मीच करते हो’ असं अभिमानाने सांगतात. पाहणी करणारी तेच लिहून घेते. आदल्या दोन-तीन आठवड्यांची नोंद ठेवलेली असली तर हे टळतं: रात्री किती वेळा उठवावं लागलं, कधी पडल्या, औषध कधी विसरल्या. आजींना इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागण्याचा हक्क आहे आणि त्याचे पैसे पडत नाहीत, पण मराठी दुभाषा आधीच सांगून ठेवावा. तास कमी मिळाले किंवा अर्ज नाकारला गेला तर अपील करता येतं. त्याची मुदत नोटिशीवर लिहिलेली असते.

पैसे हातात कसे येतात?

बहुधा राज्याने नेमलेली एखादी संस्था पगारपत्रक सांभाळते. सांभाळणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणी होते. कामावर आल्या-गेल्याची वेळ फोन किंवा ॲपवरून नोंदवावी लागते. एकाच घरात राहणाऱ्यांना काही राज्यं यातून सूट देतात. आई हॉस्पिटलमध्ये असताना घरच्या देखभालीचे तास भरणं हा गैरव्यवहार ठरू शकतो, मग मुलगी तिथे उशाशी बसून का असेना.

कराच्या बाबतीत एक सवलत अनेकांना ठाऊक नसते. रुग्ण आणि सांभाळणारा एकाच घरात राहत असतील, तर वेव्हरमधून मिळणाऱ्या अशा पैशांवर केंद्राचा आयकर लागत नाही. २०१४ च्या आयआरएसच्या सूचनेत हे दिलेलं आहे.

घरावरचा दावा

५५ वर्षांनंतर घेतलेल्या दीर्घकालीन देखभालीचा खर्च राज्याला रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून वसूल करावा लागतो. १९९३ पासून हे बंधनकारक आहे. जोडीदार हयात असेपर्यंत वसुली होत नाही. घर आईच्या नावावर असेल, तर मुलीला दरमहा मिळालेल्या पगाराचा आकडा पुढे त्या घरासमोर मांडला जाऊ शकतो. आईची सेवा करण्यासाठी किमान दोन वर्षं त्याच घरात राहिलेल्या आणि त्यामुळे तिचं नर्सिंग होम टाळलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर घर करण्याची सूट कायद्यात आहे. त्यासाठी डॉक्टरांची पत्रं आणि पत्त्याचे पुरावे लागतात, आणि ते पहिल्या महिन्यापासून जमवावे लागतात.