सांधा : ऐरणीपासून घर्षणापर्यंत

मूर्तिजापूरचे नाव घेतले की वऱ्हाडी माणसाला दोन गोष्टी आठवतात : कापसाच्या बंड्या आणि ‘शकुंतला’ गाडी. दोन्हींच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे. धातूचे दोन तुकडे एकजीव कसे करावेत?

बंडीच्या चाकाची धाव घ्या. तिची दोन टोके लोहार भट्टीत पांढरीफेक होईपर्यंत तापवतो, वर वाळू टाकतो आणि ऐरणीवर घण मारून जोडतो. वाळू कशासाठी? तापल्या लोखंडावर चढणारी खपली तिच्यामुळे पातळ होते आणि घणाखाली निसटून जाते. इथे लोखंड वितळत नाही, नुसते मऊ होते; हे ध्यानात ठेवा. दिल्लीचा लोहस्तंभ सहा टनांहून जड, सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा. तोही लोखंडाचे गोळे असेच ठोकून घडवलेला आहे.

पुढे आगगाडी आली. १८६७ साली मोठा लोहमार्ग नागपूरला पोचला. नंतर मूर्तिजापुराहून यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना अडीच फुटी रुळांची गाडी निघाली. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. त्या काळी बॉयलरचे पत्रे रिव्हेट ठोकून सांधत. पण भोक पाडले की तिथला धातू कमी झाला, जोरही कमी झाला. म्हणून विजेच्या झोताने कडा वितळवून जोडण्याची रीत पुढे रूढ झाली.

लोखंडाला ती मानवली, ॲल्युमिनियमला मात्र जड गेली. हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साय २००० अंशांपर्यंतही वितळत नाही. शिवाय वितळलेला रस हायड्रोजन वायू शोषतो आणि थिजताना आत पोकळ्या राहतात. विमानाला असा सांधा कसा चालेल?

उत्तर १९९१ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडले. दोन पत्रे कडेला कड लावून घट्ट आवळायचे आणि एक कठीण, फिरती खुंटी सांध्यात रोवून पुढे सरकवायची. घर्षणाने धातू मऊ होतो, ताकातल्या रवीप्रमाणे खुंटी तो घुसळते, आणि मागे एकसंध सांधा राहतो. धातू वितळतच नाही! जपानात रेल्वेचे डबे, अमेरिकेत अग्निबाणांच्या टाक्या या रीतीने जोडल्या गेल्या.

रीत निर्दोष मात्र नाही. खुंटी वर काढली की शेवटी भोक राहते. पोलादावर ती लवकर झिजते. संशोधन चालू आहे ते यासाठीच.

गुरुजींनो, शकुंतला आता थांबली आहे आणि रबरी चाकांमुळे धावेचे कामही दुर्मिळ झाले आहे. गावात भाता अजून चालत असेल, तर मुलांना एकदा तिथे न्या. न वितळता धातू जुळतो, हे तिथे डोळ्यांनी दिसेल. मग घर्षणाचा धडा समजावायला फार शब्द लागणार नाहीत.