म्हापशाचा शुक्रवार

शुक्रवार म्हटला की आमच्या दोडामार्गाकडच्या माणसांना म्हापशाचा बाजार आठवतो. माप भरायची जागा म्हणून म्हापसा, असं जुनी माणसं सांगतात. आजी डोक्यावर नाचणी-कुळीथ घेऊन रात्रीच निघायची, येताना सुकी मासळी आणायची. गोवा पोर्तुगिजांचा, आमचा मुलूख हिंदुस्थानात. पण पोटाला हद्द कुठली?

१९५५ साली भारत सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि ही वाट तुटली. गोवा मुक्त व्हावा असं घरात साऱ्यांनाच वाटायचं. पण रोकड यायची ती त्याच बाजारातून. ती बंद झाली. आजीनं ती वर्षं कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि तिनं पुन्हा शुक्रवार धरला.

मी अजून जातो, मे महिन्यात तर हटकून. पावसाळ्याच्या बेगमीला तिकडं पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगिजांचा, पण सोलं, चिंच, खारं आपलंच. मयड्याची जाडजूड केळी, मडकी, हिरांच्या केरसुण्या, खाजं घेऊन बायका जमिनीवर बसतात. शेजारी प्लॅस्टिकचे ढीग वाढलेत. मागं मडकी विकणारी एक बाई म्हणाली, "पोरगो चाकाक हात लायना."

राजवट गेली, नाका उठला, बाजार राहिला. पण तिचं चाक थांबलं तर त्या जागेवर काय येणार, ते शेजारच्या ढिगात दिसतंच आहे.