इंजिनाचा संगणक आणि हमीचे सील

नवीन रेडिओ किंवा मिक्सर घरी आणला, की त्याच्या तळाशी एखाद्या स्क्रूवर कागदाचे छोटे सील चिकटवलेले दिसते. ‘सील फाटल्यास हमी रद्द.’ वस्तू आपली, पैसेही आपलेच. पण आत डोकवायचे नाही!

मोटारीच्या बाबतीत हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात समोर येतो. मोटारीच्या इंजिनावर एक छोटा संगणक देखरेख करतो. त्याच्या स्मृतीतली आज्ञावली पुसून तिथे दुसरी लिहिता येते. याला ‘रिफ्लॅशिंग’ म्हणतात. त्यामुळे इंजिनाची ताकद वाढवता येते. पण पुढे काही बिघडले तर कंपनीची हमी शिल्लक राहते का? प्रश्न वकिलांचा वाटतो. त्याची सुरुवात मात्र रसायनशास्त्रात झाली, आणि त्याचे उत्तर कार्यकारणभावाशी येऊन थांबते. कसे ते पाहू या.

धुरक्याचे कोडे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे धुरके पसरू लागले. कारखान्यांवर संशय घेतला गेला, पण कोडे काही सुटेना. जवळच्याच कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. अननसाला वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो, याचा ते अभ्यास करत होते. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. मोटारींच्या धुरातली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले.

पुढे १९७० मध्ये अमेरिकेने हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा केला. नव्या मोटारींच्या धुरातली घातक द्रव्ये सुमारे ९० टक्क्यांनी कमी करा, असे त्याने कंपन्यांना बजावले. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा ठरली.

संगणक का लागला?

धूर साफ करण्यासाठी नळकांड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला गेला. त्याच्यापुढे दोन परस्परविरोधी कामे होती. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने यांना ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा ऑक्सिजन काढून घ्यायचा. ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायची तर हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ राखावे लागते.

हे प्रमाण वर्गात काढून पाहता येईल. पेट्रोलऐवजी शुद्ध ऑक्टेन घ्या. २२८ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळायला ८०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे साधारण ३,४५० ग्रॅम हवा हवी. प्रमाण आले १५.१ : १. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्यामुळे त्याचे उत्तर थोडे कमी येते.

जुन्या कार्ब्युरेटरला हे प्रमाण थंडीत, घाटात, चढावर सतत सांभाळणे जमत नसे. १९७६ मध्ये व्होल्वो कंपनीने कॅलिफोर्नियासाठी काढलेल्या मोटारींत बॉश कंपनीचा ऑक्सिजन संवेदक बसवला. तो धुरातला ऑक्सिजन तपासतो आणि त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त केले जाते. अशा क्षणोक्षणीच्या दुरुस्तीसाठी संगणक सोयीचा होता, आणि १९७१ मध्ये बाजारात आलेल्या मायक्रोप्रोसेसरमुळे तो गाडीत मावू लागला. थोडक्यात, इंजिनात संगणक आला तो मुख्यतः हवा स्वच्छ ठेवण्यासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवू. पुढे ती लागणार आहे.

पुसायचे आणि लिहायचे

या संगणकाच्या स्मृतीत पाढ्यांसारखे तक्ते असतात. इंजिनाचे फेरे इतके आणि भार इतका असेल, तर ठिणगी केव्हा पाडायची, पेट्रोल किती सोडायचे, हे त्यांत लिहिलेले असते. कंपनी हे आकडे जरा सावधपणे ठरवते, कारण गाडी उन्हाळ्यात, डोंगरात, हलक्या पेट्रोलवरही चालली पाहिजे. ताकद वाढवणारा कारागीर याच सुरक्षिततेच्या अंतरात हात घालतो.

सुरुवातीला ही आज्ञावली बहुधा चिपमध्ये साठवलेली असे. १९७१ मध्ये इंटेल कंपनीतल्या डोव फ्रोमन यांनी अतिनील किरणांनी पुसता येणारी स्मृती तयार केली. तिच्यावर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. १९८० नंतरच्या दशकात हौशी लोक संगणकाचा डबा उघडून जुनी चिप काढत आणि नवी बसवत. उघडलेल्या डब्याची खूण मागे राहत असे.

मग फ्लॅश स्मृती आली. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिचा मोठा भाग कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एका झटक्यात पुसला जातो, म्हणून एका सहकाऱ्याने तिला हे नाव सुचवले. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना तपासणीसाठी एकसारखे सॉकेट सक्तीचे झाले. आता स्क्रू उघडायचीही गरज उरली नाही. केबल जोडायची, आज्ञावली बदलायची. फाटायला सीलच नाही!

कावळा आणि फांदी

आता हमीकडे वळू. १९७५ मध्ये अमेरिकेत मॅग्नुसन-मॉस हा हमीविषयक कायदा झाला. आमच्याच नावाचे सुटे भाग वापरले तरच हमी, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवता आले, तर मात्र त्या बिघाडापुरती हमी नाकारता येते.

म्हणजे गाडी रिफ्लॅश केलेली आहे आणि खिडकीची मोटर बंद पडली, तर दोघांचा संबंध नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, इतकेच. पण ठिणगी वेळेआधी पाडल्याने इंजिन ठोके देऊ लागले आणि पिस्टन वितळला, तर फांदी कावळ्यानेच मोडली. तो खर्च मालकाचा.

काही जण कार्यशाळेत जाण्याआधी जुनी आज्ञावली परत भरतात. तो प्रामाणिकपणा नव्हे, आणि त्याचा उपयोगही होईलच असे नाही. अनेक संगणक आपली स्मृती किती वेळा लिहिली गेली याची नोंद ठेवतात.

हमी वाचली तरी हवेचा कायदा उरतोच. प्रदूषण रोखणारी यंत्रणा निकामी करणे अमेरिकेत बेकायदेशीर आहे. म्हणून कॅलिफोर्नियाचे हवा संसाधन मंडळ बाहेरचे भाग आणि आज्ञावल्या तपासून, धूर वाढत नसेल तर तशी परवानगी देते. नियमात राहायचे तर कंपनीची स्वतःची किंवा अशी परवानगी मिळालेली आज्ञावली निवडणे हा सरळ मार्ग. पण परवानगी धुरापुरती असते. तिने पिस्टनची हमी मिळत नाही. गंमत अशी, की अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि धूर नियंत्रित करणारा संगणक यांना १९९५ च्या मॉडेलपासून ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांची हमी कायद्यानेच द्यावी लागते.

कंपनीचाच हात

सप्टेंबर २०१५ मध्ये या गोष्टीला विलक्षण वळण लागले. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांतली आज्ञावली चाचणी चालू आहे हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर कमी ठेवत असे. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. उपाय काय? मुख्यतः आज्ञावली बदलणे, म्हणजे रिफ्लॅशिंगच! म्हणजे दोष पुसून लिहिण्यात नव्हता. काय लिहिले यात होता.

त्याच वर्षी अमेरिकेत मालकाला आपल्या गाडीची आज्ञावली दुरुस्तीसाठी किंवा कायदेशीर बदलासाठी उघडण्याची, स्वामित्वहक्क कायद्यातून सूट मिळाली.

आपल्याकडेही हा प्रश्न आला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नका, चुकीच्या दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असे आयोगाने सांगितले. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले. पण त्यामागचे तत्त्व समजायला वकील लागत नाही.

‘नंतर झाले’ म्हणजे ‘त्यामुळे झाले’ असे नव्हे, हे आपण प्रयोगशाळेत मुलांना शिकवतो. हमीचा वाद सोडवतानाही तेच विचारावे लागते. मात्र त्याला दुसरी बाजू आहे. इंजिन मालकाचे असले, तरी त्यातून निघणारा धूर सगळ्यांच्या वाट्याला येतो. आज्ञावली बदलण्याआधी हमीपत्राइतकाच त्याचाही विचार करायला हवा.