माळावरचं काम

बैल मेला की माझे आजोबा आधी गोठ्याबाहेर येऊन आभाळाकडे बघत, असं आजी सांगायची. आभाळ रिकामं असलं तरी त्यांना काळजी नसे. गुर माळावर नेऊन टाकलं की घटकाभरात उंचावर एक ठिपका दिसे, मग दुसरा, मग इतके की मोजणाऱ्या पोरांचा हिशेब चुकावा. आजीच्या सांगण्यात गिधाडांची संख्या दर वेळी वाढायची. एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. दुसऱ्या दिवशी माळावर फक्त हाडं उरत आणि वाऱ्यावर वास नसे.

आमचं गाव महाड तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला आंबा आणि सातविणीची जुनी, उंच झाडं होती आणि त्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी. ही जात झाडावर घरटं करते. लांब चोचीची गिधाडं सह्याद्रीच्या कड्यांवर. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू स्वतः घरटं करण्याजोगं व्हायला पाच-एक वर्षं लागतात. हे मी पुढे पुस्तकांतून शिकलो. आजीला त्यातलं निम्मं तरी ठाऊक होतं. ‘एका घरट्यात एकच पोर’ असं ती म्हणायची आणि त्या झाडांना कोणी कुऱ्हाड लावली तर ओरडायची.

आजीच्या गोष्टीत गुर ‘नेऊन टाकलं’ एवढंच असे. कोणी नेलं, हे त्यात कधी आलं नाही. ते मला कळलं खालच्या वाडीतल्या आबांकडून. गावाची मेलेली ढोरं ओढून नेणं हे त्यांच्या वडिलांवर आणि आजांवर लादलेलं काम होतं. मध्यरात्री हाक आली तरी जावं लागे, नाही म्हणायची सोय नव्हती. बदल्यात कातडं, थोडं धान्य, आणि उपाशी घरात शिजणारं तेच मांस. आबा सांगायचे, ‘वर गिधाडं फिरायला लागली की बाचा हात जोरात चालायचा. ती उतरली की कातड्याच्या चिंध्या. आम्ही नि ती, दोघं एकाच ढोरावर.’

मग १९२७चा मार्च उजाडला. महाडला परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं लोकांना सांगितलं, हे त्या मानाने कमी आठवलं जातं. आबांचे वडील चालत गेले होते. परत आले आणि पुढची हाक आली तेव्हा घरातून उठले नाहीत. गावाने त्यांचं दळण बंद केलं, वाट बंद केली. ते तरीही उठले नाहीत. शेवटी वरच्या आळीतल्या एका गोठ्यात दोन दिवस पडून राहिलेल्या गाईच्या पायांना घरमालकालाच दोर बांधावा लागला. तो घरमालक माझा पणजोबा होता. आबांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, अभिमान होता, आणि तो त्यांचा हक्कच होता.

तेव्हापासून ढोर माळापर्यंत ओढायचं ज्याचं त्याने, आणि पुढचं सगळं पक्ष्यांनी. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक घातक जंतू त्यात मरतात. माणसाला जे काम जुलमाने करायला लावलं होतं, ते हा पक्षी भूक म्हणून करत होता. ‘गिधाडं’ ही आपल्याकडे शिवी आहे. माझ्या मते इतकी कृतघ्न शिवी मराठीत दुसरी नसेल.

नव्वदीच्या दशकात ढोरं मरत होती आणि आभाळ रिकामंच राहू लागलं. म्हातारी माणसं कारणं शोधायची. कोणी म्हणे देवी कोपली, कोणी म्हणे पक्षी हिमालयात गेले. कोणी झाडतोडीला दोष द्यायचं, आणि झाडं तुटलीही होती, त्यामुळे ते पटायचं. शास्त्रज्ञही चाचपडत होते. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभु प्रकाश यांनी १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्यांची घरटी मोजली होती. दहा वर्षांनी ती निम्म्याहून कमी झाली आणि लवकरच तिथे एकही उरलं नाही. मान टाकून फांदीवर बसलेले पक्षी दिवसांमागून दिवस तसेच बसत आणि खाली पडत. बरीच वर्षं संशय एखाद्या विषाणूवर होता.

उत्तर पाकिस्तानातून आलं. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं उघडून पाहिली, तर काळजा-यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर. मूत्रपिंड निकामी होऊन युरिक आम्ल अंगभर साचलेलं. कारण ठरलं डायक्लोफिनॅक, दुखणं आणि सूज उतरवणारं साधं, स्वस्त औषध. २००४ मध्ये हे संशोधन छापून आलं. आमच्या भागातही नव्वदीत हे इंजेक्शन पोचलं होतं. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी उभा राही, सुजलेली कास उतरे. शेतकऱ्याने ते घेतलं यात नवल काय? अडचण अशी की आजारी जनावराला शेवटची सुई हीच दिली जाई, जनावर तरीही मरे, आणि औषध मांसात राही. मेलेल्या शंभर जनावरांतल्या एकाहून कमी जनावरांत हे विष असलं तरी एवढी पडझड होऊ शकते, असं गणित संशोधकांनी मांडलं. एकाच मेजवानीला शेकडो पक्षी येतात, आणि वर्षाला एक अंडं घालणाऱ्या जातीला ती झीज भरून काढता येत नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची ९९.९ टक्के गिधाडं गेली.

माळावर मग कुत्री आली. ती हाडं ओढून गावात आणायची, पाणवठ्यावर टाकायची. आजीला त्या वासाची सवय नव्हती. नाकाला पदर लावून ती माळाच्या वाटेने जायचीच बंद झाली. गिधाडांच्या ऱ्हासाच्या काळात देशातली भटकी कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली असा एक अंदाज आहे, आणि कुत्र्यांबरोबर रेबीज येतो. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला. एकेकाळी गिधाडं भरपूर असलेल्या जिल्ह्यांत, ती गेल्यावर माणसांचं मृत्युमान चार टक्क्यांहून अधिक वाढलं. २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे एक लाख जादा मृत्यू. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढचं पान उलटवेना.

मुंबईच्या मलबार हिलवर पारशी समाजाच्या दख्म्यांवर, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्यांवरही, गिधाडं उतरेनाशी झाली. शेकडो वर्षांचा अंत्यसंस्कार त्यांच्या भरवशावर होता. तिथे सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले.

सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या कुपीवर तीन मिलिलिटरची मर्यादा आली. गिधाडांना घातक ठरलेली केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही औषधं जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. हरियाणात पिंजोरच्या गिधाड संवर्धन केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात सोडली गेली. आमच्या जवळ, म्हसळ्याच्या चिरगावात, महाडच्या सिस्केप संस्थेच्या प्रेमसागर मेस्त्रींनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची झाडं राखली, पक्ष्यांसाठी अन्न पुरवलं, आणि तिथे पिल्लं पुन्हा उडू लागली. बंदीच्या कागदांपेक्षा मला त्या गावाचा आधार अधिक वाटतो.

आबा गेले, आजीही गेली. ढोर माळापर्यंत ओढण्याची पाळी आता ज्याची त्याची आहे, आणि बहुतेक ठिकाणी खड्डा खणून पुरण्याचीही.

ज्यांच्या दारात गुरं आहेत त्यांना एक विनंती. जनावराला सूज किंवा दुखणं आलं तर डॉक्टरांना मेलॉक्झिकॅमबद्दल विचारा. ते गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून सिद्ध झालेलं आहे आणि सहज मिळतं. कुपीवर डायक्लोफिनॅक, केटोप्रोफेन किंवा असेक्लोफिनॅक लिहिलेलं असेल तर ती सुई टोचू देऊ नका, आणि शेजारच्या गोठ्यातही हे सांगा.