खापरांवरच्या काळ्या रेघा

देवळाली कॅम्पजवळच्या नाशकात, गोदावरीकाठच्या टेकाडावर, १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तळच्या थरांत तांबड्या भांड्यांची खापरे निघाली. त्यांवर काळ्या रंगाने काढलेल्या रेघांची भौमितिक नक्षी. तशीच खापरे संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी सापडली. त्यावरून या भांड्यांना ‘जोर्वे’ नाव पडले. त्यांचा काळ इ.स.पूर्व १४०० च्या सुमारास सुरू होतो.

ही भांडी चाकावर घडवलेली आहेत. टिचकी मारली तर खणखणतात, म्हणजे भट्टी चांगलीच तापत असे. मातीतल्या लोहाचा भट्टीत हवेशी संयोग झाला, म्हणून रंग तांबडा.

पण नक्षीचा अर्थ काय? अमेरिकेत ॲरिझोनातल्या नाम्पेयो या होपी कुंभारणीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिक्याट्की या ओसाड गावाच्या खापरांवरची जुनी नक्षी पुन्हा आपल्या भांड्यांवर आणली. तिथे विचारायला वारस आहेत. जोर्वेकरांनी मागे लिपीही ठेवली नाही. तेव्हा वर्गात चित्र दाखवताना ‘ही लाट’, ‘हा डोंगर’ असे ठामपणे सांगू नये. खापर भट्टीबद्दल साक्ष देते. कुंभाराच्या मनाबद्दल नाही. हा फरक मुलांना उमगला, तर इतिहासातला पुरावा म्हणजे काय, हे त्यांना कळले.